ईटिंग डिसऑर्डरसाठी ग्रुप सीबीटी : त्या दीड तासात नक्की काय होतं

आधी तो कागद सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. साधा ए-फोर कागद, त्यावर सहा रकाने. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय खाल्लं-प्यायलं, तिसऱ्यात कुठे बसून, चौथ्यात एक चांदणी काढायची जर तुम्हाला स्वतःला वाटलं की हे जरा जास्तच झालं, पाचव्यात उलटी वगैरे काढली असेल तर त्याची खूण, आणि सहावा सगळ्यात रुंद, त्या वेळी मनात काय चाललं होतं त्यासाठी. खाल्लं की लगेच लिहायचं, रात्री आठवून आठवून लिहायचं नाही. कॅलरी लिहायच्या नाहीत, ग्रॅम लिहायचे नाहीत. माझ्या पहिल्या आठवड्याच्या कागदावर मंगळवारची नोंद अशी आहे: सकाळी ७.३०, काळा चहा, किचन. दुपारी १.१५, सफरचंद, ऑफिसात डेस्कवर. त्यानंतर थेट संध्याकाळी ६.४०, आणि तिथून ७.२० पर्यंत सहा ओळी, सगळ्यांपुढे चांदण्या, जागा ‘किचन, उभ्याने’, आणि शेवटच्या रकान्यात फक्त एक शब्द, ‘नेहमीचंच’.

मला वाटलं थेरपिस्ट आता त्या चांदण्यांवर बोट ठेवणार आणि मी मान खाली घालून ऐकून घेणार, लहानपणापासून तेवढी सवय होतीच. तिने चांदण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सफरचंद आणि ६.४० यांच्या मधे जी कोरी जागा होती तिथे पेन्सिल टेकवली आणि विचारलं, इथे काय झालं? मी म्हटलं काहीच नाही झालं, काही खाल्लंच नाही. ती म्हणाली, मग संध्याकाळचं सगळं इथे सुरू झालंय. मला हे पटायला पुढचे तीन-चार आठवडे गेले पण ह्या लेखात जे सांगायचंय ते मुळात एवढंच आहे, खा-खा सुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा न खाण्यात असते आणि ग्रुप सीबीटी हा प्रकार ते तुम्हाला तुमच्याच कागदावर दाखवतो, आणि तेही अशा सात-आठ लोकांसमोर ज्यांच्या कागदावर तसलीच कोरी जागा आहे.

मी मूळची साताऱ्याची, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहते. मला बिंज ईटिंग डिसऑर्डर होता आणि इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून मी ग्रुपला गेले. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर जे मिळेल ते वाचत गेले आणि मराठीत ह्यावर कोणी घरच्यासारखं समजावून सांगितलेलं मला सापडेना म्हणून लिहायला बसले. ग्रुपमधल्या बाकीच्यांबद्दल इथे काहीही येणार नाही, तसं पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी कबूल केलंय, जे आहे ते माझं. आणि वजनाचे, कॅलरीचे आकडेही मी मुद्दाम टाळलेत कारण हा आजार असलेलं माणूस कुठल्याही लेखात पहिले तेच शोधतं आणि लगेच स्वतःशी ताडून बघतं.

आता आजार म्हणजे काय ते पटकन. ॲनोरेक्सियामध्ये माणूस खाणं इतकं तोडतं की वजन धोकादायक खाली जातं आणि तरी ते थांबवता येत नाही. बुलिमियात थोड्या वेळात भरपूर खाल्लं जातं आणि मग ते ‘भरून काढायला’ उलटी, उपास, बेसुमार व्यायाम असलं काहीतरी केलं जातं. हे नाव लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले डॉक्टर जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० रुग्णांचं वर्णन करताना दिलं, म्हणजे माझी आई कॉलेजात होती तेव्हा ह्या आजाराला नावसुद्धा नव्हतं. आणि बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये ते खाण्याचे झटके येतात पण नंतर भरून काढणं नसतं. ह्याचं वर्णन ॲल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५९ मध्येच करून ठेवलं होतं, पण अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत स्वतंत्र आजार म्हणून तो बसला थेट २०१३ मध्ये. निकष साधारण असा की आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने.

लग्नात पंगतीला बसून आग्रहाखातर आठ जिलब्या खाल्ल्या तर ते बिंज नव्हे. बिंजमध्ये दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे त्या परिस्थितीत बाकी लोक खातील त्यापेक्षा बरंच जास्त खाणं आणि दुसरं म्हणजे ताबा सुटणं, म्हणजे हात थांबतच नाही, चव लागत नाही, पोट दुखायला लागलं तरी चालूच. आणि बहुतेक वेळा एकट्याने, लपून. आपल्याकडे ह्याला आजार म्हणत नाहीत, हावरटपणा म्हणतात. मी चाळीशीला येईपर्यंत मनातल्या मनात स्वतःला हावरीच म्हणत होते. आणि हे फक्त बायकांचं आहे असंही समजू नका, बिंज ईटिंगमध्ये पुरुष बरेच असतात, फक्त ते सांगत नाहीत आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागणं ह्या दोन्हीवर एकदम काम करणारी. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या आरन बेक यांनी ती नैराश्यासाठी बांधली. बालपणात खोल खोल उतरण्यापेक्षा आज हा त्रास कशामुळे टिकून राहिलाय ते शोधायचं आणि तिथे हात घालायचा, हा त्यातला मुख्य विचार. खाण्याच्या आजारांसाठी ती कशी वापरायची हे ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९८१ मध्ये बुलिमियाच्या ११ रुग्णांच्या अनुभवावरून मांडलं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं ते त्यात सुधारणा करत राहिले. आज जगात कुठेही ह्या आजारावर सीबीटी चालते तिच्यात त्यांचं ते चक्र कुठे ना कुठे असतंच.

ते चक्र आपल्या भाषेत मला उपासावरून कळलं, त्यामुळे तसंच सांगते. समजा चतुर्थी आहे, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि दुपारी कोणीतरी चिवडा करतंय तर बोलता बोलता चार पोहे तोंडात गेले. ‘अगं, तुझा उपास ना आज?’ झालं, मोडला. आणि मोडला म्हटल्यावर पुढे काय, तर मग पोळी-भाजीच काय, सगळंच खाऊन घ्यायचं, आता मोडलाच आहे तर, पुढच्या चतुर्थीला बघू. उपासात हे ठीक आहे, तो एका दिवसाचा असतो. आता असा विचार करा की तुम्ही स्वतःला रोजचे असे पंधरा-वीस नियम घालून घेतलेत, भात नाही, साखर नाही, सातनंतर काही नाही, आणि रोज त्यातला एखादा मोडतोय. मोडला की ‘आता मोडलाच आहे’ म्हणून हात सुटतो, मग प्रचंड लाज वाटते, मग उद्यापासून नाहीतर सोमवारपासून आणखी कडक नियम. कडक नियम म्हणजे आणखी भूक, आणि आणखी भूक म्हणजे नियम मोडायची आणखी खात्री. हे सगळं ज्या खांबाभोवती फिरतं तो म्हणजे स्वतःची किंमत वजनावरून आणि आकारावरून ठरवणं. त्यात वाईट मूड, भांडण, एकटेपणा ह्यांचं तेल पडतं ते वेगळंच, पण चाक मुळात असं फिरतं.

उपासावरून एक सांगते, धर्म म्हणून श्रद्धेने उपास करणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, माझी आई अजून करते. पण ज्याला खाण्याचा आजार आहे त्याच्यासाठी ‘आज माझा उपास आहे’ हे सगळ्यात सोयीचं पांघरूण असतं, कोणी प्रश्न विचारत नाही, उलट कौतुक होतं. मी वर्षभर सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी करत होते, त्यात देव किती होता ते मला माहितीये.

भूक डोक्याचं काय करते ह्यासाठी आम्हाला दुसऱ्या सेशनला मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये, महायुद्ध चालू असताना, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण घेतले. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वाने नकार दिलेली, तब्येतीने आणि मनाने ठणठणीत मुलं. त्यांना चोवीस आठवडे साधारण अर्ध्या खाण्यावर ठेवलं, युद्धानंतर उपाशी युरोपला कसं खायला घालायचं हे शिकायला. झालं काय, तर ही मुलं दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटल्या चाटायला लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. आणि पुन्हा पोटभर द्यायला लागल्यावर त्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी म्हणायचे भूक गेली नाही. ह्यातल्या कोणालाही आधी खाण्याचा त्रास नव्हता. हे ऐकताना मी अक्षरशः वहीत मान खुपसून बसले होते, कारण रात्री दोन वाजता यूट्यूबवर मिसळीचे व्हिडिओ बघत पडणारी मी, मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी बिघाड आहे.

म्हणून पहिल्या महिन्याचं औषध एकच, वेळेवर खा. तीन जेवणं आणि मधे दोन किंवा तीन वेळा थोडं, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा जास्त गॅप नको. भूक लागो न लागो, आदल्या रात्री बिंज झालेलं असो नसो, सकाळचा नाश्ता करायचाच. काय खायचं ह्यावर सुरुवातीला कोणी बोलतही नाही, फक्त कधी. ऐकायला हे इतकं साधं वाटतं की थेरपी म्हणून पैसे कोण देईल असं वाटावं, आणि करायला इतकं अवघड की पहिल्या आठवड्यात मी अकरा वाजताचं खाणं म्हणून दोन बिस्किटं हातात घेऊन ऑफिसच्या पॅन्ट्रीत दहा मिनिटं उभी होते, खाऊ की नको, कारण माझ्या डोक्यात नाश्ता आणि वर हे म्हणजे वजन वाढणारच. शरीराला जेव्हा कळतं की पुढचं खाणं येणार आहे, नक्की येणार आहे, तेव्हा ती संध्याकाळची वखवख हळूहळू उतरते. माझी तिसऱ्या आठवड्यात उतरायला लागली. सगळ्या चांदण्या गेल्या नाहीत, पण सहाच्या दोन झाल्या.

आता ग्रुपचा भाग. इंग्लंडमध्ये उपचार कसे द्यावेत ते ठरवणारी नाइस म्हणून संस्था आहे, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शनात बिंज ईटिंग असलेल्या मोठ्या माणसांना आधी स्वतःच पुस्तकावरून आणि थोड्या मदतीने करायचा प्रोग्रॅम द्या असं आहे, आणि चार आठवड्यांत त्याने भागलं नाही किंवा माणसाला तो नकोच असला तर ग्रुप सीबीटी. साधारण १६ सेशन्स, आठवड्याला एक, प्रत्येक ९० मिनिटांचं, म्हणजे चार महिने. आमच्या ग्रुपमध्ये दोन थेरपिस्ट होत्या आणि सुरुवातीला आठ जण होतो, शेवटी सहा उरलो. गळती होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही, नोकरीमुळे होते, भीतीने होते, आणि कधी कधी ग्रुप हा त्या माणसासाठी नसतोच.

दीड तासाचा आकार ठरलेला असायचा. पहिला अर्धा वेळ आठवड्याच्या कागदांवर, कुठे अडलं, कुठे जमलं. मग त्या दिवसाचा विषय, फळ्यावर थोडं शिकवणं, आणि शेवटी पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने नक्की काय करून बघायचं ते. ‘मी प्रयत्न करीन’ चालायचं नाही, कधी, कुठे, काय ते बोलायचं. म्हणजे मन मोकळं करायची जागा असा जो समज असतो तो बराचसा चुकीचा आहे, ते खरं तर क्लाससारखं जास्त असतं, गृहपाठासकट. आणि खरं काम मधल्या सहा दिवसांत घरी होतं.

नियम तीन होते आणि तिन्ही कडक. ग्रुपमधलं ग्रुपमध्येच. आकडे बोलायचे नाहीत, वजन, साइज, कॅलरी, काही नाही. आणि वजन कमी करायच्या किंवा खाल्लेलं लपवायच्या युक्त्या एकमेकांना सांगायच्या नाहीत, अगदी ‘मी पूर्वी असं करायचे’ म्हणूनसुद्धा नाही, कारण एकाची आठवण ही दुसऱ्यासाठी रेसिपी होते. एकमेकांच्या दिसण्यावर बोलायचं नाही हे मी धरून चालले होते, पण ‘छान दिसतेस आज’ हेही नाही म्हटल्यावर माझ्यासारखीला पहिले दोन आठवडे काय बोलावं तेच सुचेना, आपल्याकडे भेटल्या भेटल्या पहिलं वाक्य ‘बारीक झालीस ग’ नाहीतर ‘सुटलीस जरा’ हेच असतं ना.

एकटीने थेरपी घेण्यापेक्षा ग्रुपमध्ये वेगळं काय घडतं ते मला एका पोळीवरून कळलं. पाचव्या आठवड्यात माझ्या कागदावर रविवारी दुपारी वरण-भात, भाजी, दोन पोळ्या आणि त्यातल्या दुसऱ्या पोळीपुढे चांदणी होती. थेरपिस्टने स्वतः काही म्हटलं नाही, तिने सगळ्यांना विचारलं, दुपारच्या जेवणात दुसरी पोळी खाल्ली तर तुमच्यापैकी कोण कोण चांदणी काढेल? कोणीही हात वर केला नाही. मग तिने मला विचारलं की ह्यांच्यातल्या कोणी तिसरी खाल्ली असती तर तू चांदणी काढली असतीस का? मी म्हटलं छे. तेवढंच. कोणी समजावलं नाही, कोणी धीर दिला नाही, पण मी घरी जाताना बसमध्ये तीच गोष्ट घोळवत होते की माझ्यासाठीचा कायदा आणि जगासाठीचा कायदा वेगळा आहे. हेच मला एकट्या थेरपिस्टने सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं तिला पगारच त्याचा मिळतो. लाजेचं असं आहे की ती अंधारात वाढते आणि ज्यांना तीच लाज आहे अशा लोकांसमोर बोलली की निम्मी तिथेच गळते.

मधल्या आठवड्यांत ट्रिगर शोधायचे. म्हणजे कुठल्या वेळेला, कुठल्या जागी, कशानंतर. माझा ठरलेला होता, रविवारी साताऱ्याला फोन झाला की. आई पहिलं विचारणार, जेवलीस का? आणि मी कायम हो म्हणायचे, न जेवता. फोन ठेवला की किचन. त्यावर काय करायचं तर आधीच यादी करून ठेवायची की ती लाट येईल तेव्हा मी पुढची वीस-तीस मिनिटं काय करणार आहे, आणि ती गोष्ट अशी हवी की हात गुंतले पाहिजेत किंवा घराबाहेर पडलं पाहिजे. खाण्याची ती ओढ लाटेसारखी असते, वर चढते आणि न खाता बसलं तरी उतरते, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. मी फोनची वेळ जेवणानंतरची केली. एवढा साधा बदल, पण वर्षानुवर्षं सुचला नव्हता कारण मी कधी वेळ लिहूनच बघितली नव्हती.

मग ज्या पदार्थांची धास्ती असते त्यांची यादी, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. माझ्या सगळ्यात वर बेसनाचा लाडू होता. दिवाळीचं पार्सल आईकडून आलेलं, मी तो डबा गाडीच्या डिकीत ठेवला होता, घरात नको म्हणून. थेरपिस्ट म्हणाली तो डबा घेऊन ये. दहाव्या सेशनला प्रत्येकाने आपापलं काहीतरी आणलं होतं आणि आम्ही टेबलाभोवती बसून खाल्लं. लाडू थंडीने कडक झालेला, फोडायला चमचा लागला. मी आधी लिहून दिलं होतं की एक खाल्ला तर मी डबा संपवेन, आणि किती खात्री आहे तर शंभरात नव्वद. खाल्ला, अर्धा तास बसून राहिले, आणि डबा झाकण लावून घरी घेऊन गेले, ह्या वेळी किचनमध्ये ठेवला. घरी गेल्यावर त्याच रात्री आणखी दोन खाल्ले हेही सांगते, पण ताटलीत घेऊन, बसून, आणि चव लागत होती. सीबीटीत ह्याला प्रयोग म्हणतात, आधी भाकीत लिहायचं, मग करून बघायचं, मग दोन्ही शेजारी ठेवायचे.

शेवटचा टप्पा शरीराकडे बघण्याचा, आणि तो माझ्यासाठी खाण्यापेक्षाही कठीण गेला. भाकरीएवढं वर्तुळ काढायचं आणि स्वतःला माणूस म्हणून आपण कशावरून जोखतो त्याचे तुकडे पाडायचे. माझ्यात वजनाचा तुकडा जवळजवळ पाऊण भाकरी, उरलेल्यात नवरा, मुलगी, नोकरी सगळं दाटीवाटीने. आता गंमत अशी की तो मोठा तुकडा कमी करा असं कोणी सांगत नाही, बाकीचे वाढवा म्हणतात. मी इथल्या मंडळात गणपतीला पेटी वाजवायचे आणि स्टेजवर बसल्यावर कशी दिसते ह्या विचाराने ती सोडली होती, ती परत सुरू केली. दुसरं म्हणजे आरशाचं. काही जण दिवसातून दहा वेळा आरशात एकच जागा तपासतात, चिमटीत धरून बघतात, तर काही जण वर्षानुवर्षं पूर्ण आरसाच बघत नाहीत, फोटोत कायम मागच्या रांगेत, ओढणी पसरून. दोन्हीने भीती वाढतेच. त्यामुळे तपासणं मोजून कमी करायचं आणि टाळणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून साध्या शब्दांत वर्णन करायचं, रंग, आकार, ‘घाण’ वगैरे शब्द न वापरता. आणि ‘आज मला फार जाड वाटतंय’ हे वाक्य आलं की थांबून विचारायचं की सकाळी तर नव्हतं वाटत, चार तासांत शरीर तर बदललं नाही, मग मधे काय झालं? बहुतेक वेळा मधे बॉस झालेला असतो.

आता एक गोष्ट जी ऐकून लोकांचा चेहरा पडतो. ह्या उपचाराने वजन फारसं कमी होत नाही आणि ते त्याचं उद्दिष्टही नाही, नाइसच्या त्याच मार्गदर्शनात म्हटलंय की हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगा. मला गावाकडून अजून विचारतात की एवढे चार महिने केलंस तर किती उतरलं. उतरलं नाही फार. पण मी रात्री बिस्किटांचे पुडे लपवत नाही आणि मुलीसोबत बसून जेवते, तिला माझ्याकडे बघून काय शिकायला मिळतंय ह्याची मला आता भीती वाटत नाही.

गुण किती येतो? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, बिंज ईटिंगचे १६२ रुग्ण, निम्म्यांना ग्रुप सीबीटी आणि निम्म्यांना नातेसंबंधांवर काम करणारी दुसरी एक ग्रुप थेरपी, २० आठवडे. वर्षभरानंतर दोन्हीकडे दहातले साधारण सहा जण बिंजमधून बाहेर होते. म्हणजे सीबीटीच श्रेष्ठ असंही नाही आणि चार जणांना पुढे आणखी मदत लागली असाही त्याचा अर्थ आहे. मला दोन्ही गोष्टी दिलासा देणाऱ्या वाटतात, एका वाटेने नाही जमलं तर दुसरी आहे. नुसत्या गोळ्यांवर मात्र भागवू नका, इथल्या मार्गदर्शनात तेही स्पष्ट आहे.

सगळ्यांसाठी ग्रुप नसतो हेही सांगायला हवं. बुलिमियासाठी एकट्याने घ्यायची सीबीटी सुचवतात, वीस आठवड्यांत वीसेक सेशन्स. ॲनोरेक्सियात तर एकट्याचीच, आणि ती दुप्पट लांबीची, सोबत डॉक्टरांची शारीरिक देखरेख, कारण वजन फार खाली गेलेलं असताना मेंदूच उपाशी असतो, आणि ग्रुपमध्ये बारीक होण्याची चढाओढ लागायचा धोका खरा आहे. शाळकरी मुलांसाठी आईवडिलांना सोबत घेऊन करायचे उपचार वेगळे आहेत. आणि चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, झपाट्याने वजन उतरणं ह्यातलं काहीही असेल तर थेरपीची वाट न बघता आधी डॉक्टर, सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. हे बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही होतं.

आपल्या लोकांमध्ये आणखी एक अडचण असते. हाँगकाँगमध्ये सिंग ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ॲनोरेक्सियाचे ७० चिनी रुग्ण तपासले तर त्यातल्या ४१ जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच, पोट फुगतं, भूकच नाही, अशी कारणं ते सांगत होते. पाश्चात्त्य प्रश्नावलीत ‘तुम्हाला जाड होण्याची भीती वाटते का’ ह्याला ‘नाही’ म्हटलं की आजार असूनही माणूस तपासणीतून निसटतं. आपल्या घरातही ‘तिला ॲसिडिटी आहे’, ‘तिचं पोट नाजूक आहे’ असं म्हणत वर्षं निघून जातात, म्हणून म्हटलं.

महाराष्ट्रात असा ठरावीक १६ आठवड्यांचा ग्रुप सहज मिळेल असं नाही, पण सीबीटी येणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळू शकतो, फक्त तो आरसीआयकडे, म्हणजे अशा सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, रजिस्टर्ड आहे का हे विचारा, आणि खाण्याच्या आजाराचे पेशंट आधी बघितलेत का हेही बिनधास्त विचारा. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी करण्यासारखं काही असेल तर ताटावर लक्ष ठेवू नका आणि दिसण्यावर बोलणं बंद करा, चांगलंही नको. जेवायला सोबत बसा आणि दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर बोला.

आणि डॉक्टरांकडे गेल्यावर शब्द फुटत नाहीत, मला माहितीये. मी पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांच्याकडे ‘वजनाचं काहीतरी’ म्हणाले आणि डाएटचा कागद घेऊन परत आले, म्हणजे ज्याने चाक फिरत होतं तेच आणखी जोरात फिरवायचा सल्ला. दुसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मी बाहेर बसून मोबाइलवर टाइप केलं आणि आत गेल्यावर काही न बोलता स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. त्यावर लिहिलं होतं: ‘मला डाएट नकोय. आठवड्यातून चार-पाच वेळा माझा खाण्यावरचा ताबा सुटतो, मी ते सगळ्यांपासून लपवते, आणि हे अठरा वर्षं चालू आहे.’